सूचना, अर्ज आणि नकाशा : सोलापुरातील गृहबांधणीचा एक शब्देतिहास

सोलापूरच्या भवानी पेठेत नवे घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थास आज दोन गोष्टी प्रथम कराव्या लागतात : महानगरपालिकेकडे परवानगीसाठी अर्ज करणे आणि अर्जासोबत द्यावयाचा नकाशा करणारा निवडणे. या दोन कृतींमागील इतिहास कायद्यांच्या शब्दयोजनेतून बऱ्याच अंशी उलगडता येतो.

१९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात आणि पुढे १९२५ च्या बरो नगरपालिका कायद्यात घर बांधणाऱ्याने नगरपालिकेस ‘सूचना’ द्यावी, अशी भाषा आहे. बांधण्याचा अधिकार गृहस्थाचा. नगरपालिकेने हरकत घ्यावयाची, असा तिचा गर्भितार्थ होय. १९६४ मध्ये सोलापुरात महानगरपालिका आली, तेव्हा लागू झालेल्या १९४९ च्या महानगरपालिका कायद्यातही हीच भाषा टिकून होती. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने मात्र ‘विकास’ ही व्यापक संज्ञा आणली आणि त्यासाठी लेखी अर्ज करून परवानगी मिळविणे आवश्यक ठरविले. सूचना देणारा आता अर्जदार झाला. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास, नियमांशी सुसंगत बांधकामापुरती, परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद हा जुन्या भूमिकेचा उरलेला अंश म्हणता येईल.

घर रचणाऱ्याच्या नावांतही असेच स्थित्यंतर आढळते. ‘मयमत’ व ‘मानसार’ या शिल्पग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार कारागीर सांगितले असून स्थपती हा त्यांतील प्रमुख होय. व्यवहारात मराठी माणसाचा संबंध आला तो मिस्त्र्याशी. हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, त्याचा अर्थ उस्ताद. योजणारा आणि बांधून घेणारा येथे एकच होता. ‘नकाशा’ अरबीतून, ‘परवानगी’ फारसीतून आली. हे दोन्ही शब्द दप्तराचे आहेत. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तीपुरती राखून ठेवली. परिणामी कागदावर सही करणारा एक व भिंत उभी करणारा दुसरा, अशी विभागणी दृढ झाली.

सोलापूरच्या पूर्वेकडील पेठांत या विभागणीस विशेष महत्त्व आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत माग व संसार एकाच छपराखाली नांदत आले. असे घर बांधताना मिस्त्र्यास मागाची जागा सांगावी लागत नसे. ती त्याच्या डोळ्यांसमोरच असे. नकाशाची भाषा मात्र ‘निवासी’ आणि ‘औद्योगिक’ असे दोन वेगळे वापर मानते. जेथे माग चालावयाचा त्या जागेस कागदावर ‘शयनगृह’ म्हटले, तर परवानगी मिळेल. पण त्या खोलीतील वीजभार, वायुवीजन व बाहेर पडण्याची वाट यांचा विचार कोणीच केलेला नसेल. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यास आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. मालकाचे कुटुंब तेथेच राहत होते. पेठेतील घर व वसाहतीतील कारखाना यांची तुलना सर्वांशाने करता येणार नाही. तथापि राहणे व काम करणे एकत्र असेल, तेथे ते कागदावर मान्य करणे किती निकडीचे आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

तात्पर्य, रचनाकाराची निवड म्हणजे एका अर्थी दुभाष्याची निवड होय. गृहस्थाची बोलीतील गरज कायद्याच्या भाषेत न बदलता उतरविणे, हे त्याचे काम. ‘खोल्या किती’ हे विचारण्यापूर्वी ‘माग कोठे बसणार’ हे जो विचारतो, त्याच्या नकाशात मिस्त्र्याचे जुने ज्ञान आणि कायद्याचे नवे बंधन यांचा मेळ बसण्याची शक्यता अधिक.