बोटभर मूर्ती, हातभर अभ्यास

दिवाळीच्या सुटीत अंगणात किल्ला उभा राहिला, की त्याच्या बुरुजांवर मावळे मांडण्याचे काम घरातील मुलांकडे येते. नगर-पाथर्डी रस्त्यावरील तिसगावसारखे बाजारपेठेचे गाव असो वा पुण्याच्या कसबा पेठेतील कुंभारवाडा, भालेकरी मावळा, तोफेजवळचा गोलंदाज, सिंहासनावरील शिवाजी महाराज या बोटभर मूर्ती दिवाळीच्या खरेदीचा भाग असतात. त्यांतील बहुतेकांचे चेहरे एकाच गुलाबी रंगात बुडवलेले, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके आणि अंगरखे डोळे दिपवणारे. सुटी संपली, की ही फौज जुन्या खोक्यात जाऊन माळ्यावर पडते.

यातलाच एखादा मावळा खाली काढावा, त्याचा रंग हलकेच खरवडावा आणि तो आपल्या हाताने नव्याने रंगवून पाहावा. एका रमणीय छंदाची सुरुवात एवढ्यानेही होऊ शकते. लहान मूर्ती आणि अर्धपुतळे रंगवण्याचा हा छंद जगभर जोपासला जातो. त्यासाठी जन्मजात कलावंत असण्याची गरज नाही. गरज आहे ती नीट पाहण्याची सवय लावून घेण्याची.

छंदाची कुळकथा

युरोपात अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग येथे कथिलाचे चपटे सैनिक ओतले जाऊ लागले. इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे सैनिक बाजारात आणले आणि हे खेळणे सामान्य घरांत पोचले. त्या सैनिकांची ५४ मिलिमीटर ही उंची आजही या छंदातील एक प्रमाण मानली जाते. पुढे शिशाची जागा प्लास्टिकने आणि रेझिनने घेतली. खेळणे मागे पडून रंगवणे हाच अनेकांचा मुख्य छंद झाला.

आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यातील जिनगर कारागीर मातीच्या लहान रंगीत मूर्ती घडवत. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे त्यांच्या पोशाखासह दाखवणाऱ्या पुण्याच्या या मूर्ती युरोपातील संग्रहालयांपर्यंत पोचल्या. मुंबईत राणीच्या बागेलगत १८७२ साली सुरू झालेल्या आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या संग्रहालयातही मातीच्या मूर्तींचा मोठा संग्रह आहे. कोणत्या समाजाचे पागोटे कसे बांधले जाई, हे त्या हातभरही नसलेल्या मूर्ती सांगतात. पेणपासून गावोगावच्या गणेश कार्यशाळांपर्यंत चालत आलेले मूर्तिरंगाचे काम तर आपल्या रोजच्या परिचयाचे आहे.

कोणती मूर्ती निवडावी?

नवशिक्याला वाटते, मूर्ती जितकी लहान तितके काम कमी. प्रत्यक्षात उलट घडते. माणसाच्या डोळ्याची रुंदी साधारण तीन सेंटिमीटर धरली, तर ५४ मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे बत्तिसाव्या हिश्शाच्या मूर्तीत तो डोळा जेमतेम एक मिलिमीटरचा होतो. दहाव्या हिश्शाच्या अर्धपुतळ्यात तोच तीन मिलिमीटरचा असतो आणि डोक्याची उंची सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणून चेहरा शिकायचा असेल तर अर्धपुतळा, कपड्यांच्या चुण्या आणि शस्त्रे शिकायची असतील तर पूर्णाकृती मूर्ती घ्यावी. पहिल्या सरावासाठी परदेशी महागडा अर्धपुतळा मागवण्याचे कारण नाही. प्लास्टरचा न रंगवलेला मावळा पुरेसा आहे.

साहित्यही थोडकेच लागते. शाळेतील पोस्टर कलर या कामाला उपयोगी नाहीत. वाळलेला थर पुन्हा ओला झाला, की ते विरघळतात आणि खालचा रंग वर येतो. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. त्यामुळे थरावर थर चढवता येतो. दिगंबर दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या उद्योगातून पुढे घरोघरी पोचलेल्या कॅमलचे ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या गावीही मिळू शकतात. सरावाला ते चालतात. हात बसल्यावर खास लघुमूर्तींसाठीचे, अधिक बारीक दळलेले रंग घ्यावेत.

कुंचल्याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. बारीक कामासाठी अतिबारीक, तीन शून्यांचा कुंचला घेतला, तर त्यात रंग मावतच नाही आणि मूर्तीपर्यंत पोचेपर्यंत टोकावर वाळून जातो. एक किंवा दोन क्रमांकाचा, गोल आणि नेमक्या टोकाचा कुंचला अधिक कामाचा. तो ओठांत धरून टोक काढण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. काही रंगद्रव्ये विषारी असतात.

अस्तराचा हात

रंगाआधीची तयारी कंटाळवाणी असते, पण निम्मे यश तिच्यातच आहे. साच्याच्या दोन अर्ध्यांच्या जोडावर राहिलेली रेघ धारदार पात्याने हलकेच खरवडावी. रेझिनची मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवावी. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर राहिला, तर रंग धरत नाही. रेझिन घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. ती भुकटी फुप्फुसांना अपायकारक आहे. प्लास्टर पाणी शोषते आणि कच्ची शाडू पाण्याने मऊ पडते. अशा मूर्ती पूर्ण वाळवून त्यांवर आधी अस्तराचा पातळ थर द्यावा.

अस्तर देतानाच एक युक्ती करता येते. संपूर्ण मूर्तीला काळे अस्तर द्यावे. ते वाळल्यावर केवळ वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका फवारा मारावा. जेथे पांढरे पडले तेथे माथ्यावरच्या सूर्याचा प्रकाश पडला असता. जेथे काळे राहिले तेथे सावली. पुढचे सारे रंगकाम करताना हा नकाशा डोळ्यांपुढे राहतो.

मूर्ती हातात धरून रंगवू नये. बाटलीच्या बुचावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर ती चिकटवावी आणि तो ठोकळा धरावा. दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवली, की हाताचा कंप बराच कमी होतो. उजेड दोन बाजूंनी असावा आणि दर पाऊण तासाने डोळ्यांना विश्रांती द्यावी.

प्रकाशही रंगवावा लागतो

ट्यूबमधील रंग तसाच लावला, तर चेहऱ्यावरच्या बारीक रेषा बुजून जातात. तो पाण्याने पातळ करून दोन-तीन थरांत चढवावा. रंग वाळू नये म्हणून एका पसरट डबीत ओला स्पंज किंवा टिश्यू पेपर ठेवून त्यावर बटर पेपर अंथरावा. या साध्या पॅलेटवर रंग तासन् तास ओला राहतो.

मात्र खरा धडा पुढे आहे. आपल्या चेहऱ्यावर नाकाची सावली पडते, भुवईखाली काळोख दाटतो. तीच रचना सात मिलिमीटरच्या डोक्यात आली, की खोलीतल्या उजेडात त्या सावल्या जवळपास नाहीशा होतात. सपाट रंगवलेली मूर्ती म्हणूनच निर्जीव दिसते. प्रकाश आणि सावली दोन्ही रंगकाराला स्वतः रंगवाव्या लागतात. मूळ रंग, त्याहून गडद सावली आणि त्याहून उजळ उंचवटे या तीन पायऱ्यांनी सुरुवात करावी. गडद करण्यासाठी काळा आणि उजळ करण्यासाठी पांढरा असे सरसकट केले, तर रंग मलूल होतात. लाल रंगाची सावली तपकिरीकडे आणि उजेड नारिंगीकडे झुकवला, तर तो जिवंत राहतो.

'स्किन कलर' नावाचा सापळा

परदेशी रंगसंचात आणि कित्येक मार्गदर्शिकांत त्वचेचा म्हणून जो रंग सांगितला जातो, तो गोऱ्या युरोपीय माणसाचा असतो. आपल्याकडच्या बाजारातील मावळाही त्याच गुलाबी रंगात न्हालेला असतो. उन्हातान्हात डोंगर तुडवणारा मावळखोऱ्यातला शेतकरी असा कधी दिसत असेल का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि अगदी थोडा पांढरा यांच्या मिश्रणातून आपल्या ओळखीची गव्हाळ त्वचा तयार होते. सावलीसाठी त्यातच बर्न्ट अंबर मिसळावा. आपल्याच हाताचा पंजा शेजारी ठेवून रंग जुळवण्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

याची कसोटी पाहायची तर नगरच्याच इतिहासातील मलिक अंबर रंगवून पाहावा. मूळचा हबशी असलेला हा निजामशाहीचा कर्तबगार सेनानी १६२६ साली वारला. त्याच्या काळातील चित्रे उपलब्ध आहेत. मुघल चित्रकार हाशिमने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गर्द कांती आणि अंगात पांढरा जामा. गर्द त्वचेवर उजेड दाखवण्यासाठी पांढरा मिसळला, तर चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. तेथे तांबूस तपकिरी आणि ऑकर कामी येतात. जामा रंगवताना त्याच्या उलट संयम हवा. सुरुवात फिक्या करड्या किंवा मळकट साईच्या रंगाने करावी आणि शुद्ध पांढरा केवळ चुण्यांच्या माथ्यावर ठेवावा. धोतर, अंगरखा, पागोटे असा आपला जुना पोशाख पुष्कळदा पांढराच असल्याने हा धडा मराठी मूर्ती रंगवणाऱ्याला वारंवार गिरवावा लागतो.

डोळ्यांची आखणी

गणेशमूर्तीच्या कार्यशाळेत डोळ्यांची आखणी हा शेवटचा आणि सर्वांत मानाचा टप्पा. ते काम अनुभवी हाताकडेच जाते. लघुमूर्तीत मात्र डोळे लवकर रंगवणे सोयीचे. रेघ चुकली, तर भोवतालच्या त्वचेच्या रंगाने ती आत ढकलता येते. बुबुळाभोवतीचा भाग शुभ्र पांढरा न ठेवता किंचित करडा किंवा गुलाबीसर ठेवावा. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली गेला पाहिजे. ते पूर्ण वर्तुळ दिसले, तर मूर्ती डोळे वटारून पाहत आहे असे वाटते. आपल्या हाताला जो डोळा अवघड जातो, तो आधी रंगवावा आणि सोपा डोळा त्याच्याशी जुळवावा. शेवटी सर्व मूर्तीला चमक नसलेले वॉर्निश देऊन केवळ डोळ्यांवर चकाकीचा एक थेंब ठेवला, की नजर उमटते.

रंगाला इतिहास असतो

मूर्ती ऐतिहासिक असेल, तर रंग हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली पहिला यशस्वी कृत्रिम रंग शोधला. त्याआधीचे कापड नीळ, मंजिष्ठ, आल, कुसुंबा, हळद अशा नैसर्गिक द्रव्यांनी रंगत असे. त्यांत लाल, केशरी, निळा यांच्या सुंदर छटा मिळत, पण शिवकालीन मावळ्याला आजच्या कृत्रिम जांभळ्या-गुलाबी रंगाचा भडक शेला चढवला, तर तो दोन शतके पुढे ढकलला जातो.

अभ्यासाची साधने आपल्या आसपासच आहेत. नगरच्या हुसेन निजामशाहाचे गुणगान करणारे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सोळाव्या शतकातील सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. पोशाख, दागिने आणि रंगसंगती यांसाठी त्याची छापील चित्रेही उपयोगी पडतात. आधुनिक सैनिक वा रणगाडे यांची आवड असेल, तर २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या याच शहरात १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. पोलादावरचा रंग उन्हापावसात कसा उडतो, गंज कोठून सुरू होतो, हे तेथे समोर उभे राहून पाहता येते.

पहिली मूर्ती मनासारखी होणार नाही. दहावीही कदाचित होणार नाही. पहिलीच्या तळाशी तारीख लिहून ती जपून ठेवावी आणि वर्षभराने तोच मावळा, त्याच साच्यातला, पुन्हा रंगवून शेजारी ठेवावा. शिकलो किती, हे सांगायला मग तिसऱ्या माणसाची गरज उरत नाही. आणि पुढच्या दिवाळीत घरच्या किल्ल्याच्या महादरवाजाशी एक तरी पहारेकरी असा असेल, ज्याचा चेहरा आपल्यापैकीच कोणाचा तरी वाटेल.