८ सप्टेंबर : बिर्गूचा वेढा उठला

माल्टा बेटावरच्या बिर्गू या चिमुकल्या बंदरगावाला ऑटोमन सैन्याने घातलेला वेढा १५६५ मध्ये आजच्या दिवशी उठला. मे महिन्यात क्षितिजावर शत्रूचे आरमार दिसले होते. २३ जूनला समोरचा सेंट एल्मो किल्ला पडला आणि तोफांचा सारा मारा बिर्गू व शेजारच्या सेंग्लियावर वळला. बेट राखणाऱ्या नाइटांच्या, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाचे प्रमुख ला व्हॅलेट तेव्हा सत्तरीच्या घरात होते. गाव सोडून तिथल्या सेंट अँजेलो किल्ल्यात मागे सरायला त्यांनी साफ नकार दिला. नाव त्यांचे झाले, पण तटाची खिंडारे बुजवायला माल्टाच्या बायकापोरांनीही हात लावला, हे विसरता कामा नये. अखेर सिसिलीहून कुमक उतरली, तेव्हा कुठे वेढा मोडला. पुढे गावाला ‘व्हित्तोरिओसा’, म्हणजे विजयी, असे नाव मिळाले.

ला व्हॅलेट यांची टोपी आणि तलवार इथल्या सेंट जोसेफ प्रार्थनागृहात जपली आहे. सेंट अँजेलो किल्ला सगळेच पाहतात. पण नाइटांच्या जुन्या निवासांच्या अरुंद गल्ल्या पायी फिराव्यात अशाच आहेत. दर ८ सप्टेंबरला माल्टात सुट्टी असते आणि ग्रँड हार्बरमध्ये होड्यांच्या शर्यती रंगतात.