लखनौचे तहखाने आणि आमची ओल

आपल्याकडे तळघर म्हणजे धान्य, अडगळ, फार तर जुनी भांडी. लखनौत नोकरीनिमित्त आलो तेव्हा कळले, की इथला तहखाना जेठातल्या दुपारी माणसांनी राहण्यासाठी असे. लूपासून बचाव करणारी ती खोली.

यातला सर्वांत धीट प्रयोग क्लॉड मार्टिन या फ्रेंच गृहस्थाचा. कंपनीच्या नोकरीतल्या या माणसाने १७८१ मध्ये गोमतीच्या अगदी काठावर कोठी बांधली, तीच पुढे फरहत बख्श झाली. तिचे खालचे मजले नदीच्या पातळीला होते. उन्हाळ्यात साहेब तिथे राही आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की सामानासह वरच्या मजल्यावर जाई. ओल अडवण्याच्या फंदात तो पडलाच नाही! याच छत्तर मंजिल परिसरात १९५१ पासून कित्येक वर्षे केंद्रीय औषधि अनुसंधान संस्था होती. आपल्या मंडळींपैकी काहींना ते आवार चांगले ठाऊक असेल. २०१९ मध्ये तिथल्या खोदकामात जुनी मोठी नाव निघाली.

१८५७ च्या वेढ्यात रेसिडेन्सीच्या तहखान्यात बायका-मुलांनी महिनोन् महिने काढले, तोफगोळ्यांपासून तेवढाच आडोसा.

या भिंती पातळ लखौरी विटांच्या, चुना आणि सुरखीत बांधलेल्या. चुन्यात उडदाची डाळ, गूळ, बेलाचा गर घालीत असे सांगतात. अशी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडूनही देते.

हे मला उशिरा समजले. चौक भागातल्या आमच्या जुन्या घराच्या तहखान्याला मी ठेकेदाराच्या सल्ल्याने सिमेंटचा गिलावा करून घेतला, झरोकेही बुजवले. दोन पावसाळ्यांत गुडघ्यापर्यंतचा खार छातीपर्यंत आला. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग ते वर चढणारच. वडिलांची पत्रे ठेवलेली ट्रंक तिथेच होती. अर्धी पत्रे बुरशीने गेली. त्यांचे अक्षर आता फक्त उरलेल्या अर्ध्यांत आहे.

शेवटी एका म्हाताऱ्या राजमिस्त्रीला बोलावले. भिंतीवर हात फिरवून तो म्हणाला, ‘बाबूजी, आपने तो दीवार का दम घोंट दिया.’ सिमेंट खरवडून चुना-सुरखीचा गिलावा केला, झरोके मोकळे केले. पण त्याआधी त्याने गच्चीच्या पन्हाळीचे पाणी पायापासून दूर न्यायला लावले, अंगणाचा उतारही बदलवला. निम्मे काम तिथेच झाले असे माझे मत आहे.

सावन-भादोंत दिवसा झरोके बंद ठेवतो. बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागली की घाम फुटल्यासारखे पाणी सुटते. लू वाहते तेव्हा मात्र ते उघडे. जानेवारीत त्यांतून येणारा गार झोत हाडांत शिरतो, त्याला तागाचे जाड पडदे लावले आहेत.

ओल पूर्ण गेलेली नाही. ट्रंक मार्टिनसाहेबाच्या रीतीने वरच्या मजल्यावर हलवली आहे.