सांती काझोर्ला: पाय गमावता गमावता वाचलेला फुटबॉलपटू 40व्या वर्षी हिरो कसा ठरला?

सांती काझोर्ला हा स्पेनचा मिडफिल्डर. जन्म 13 डिसेंबर 1984, अस्तुरियास प्रांत. रिअल ओव्हिएदोच्या अकादमीत तो घडला. पण क्लब आर्थिक संकटात सापडला आणि 2003 मध्ये त्याने व्हियारेआल गाठलं.

स्पेनकडून त्याने 2008 आणि 2012 चा युरो कप जिंकला. 2010 चा वर्ल्ड कप मात्र दुखापतीमुळे हुकला. 2014 च्या एफए कप फायनलमध्ये आर्सेनल 0-2 ने मागे असताना त्याच्या फ्री किकनेच पुनरागमन सुरू झालं.

नेमकं काय झालं होतं?

ऑक्टोबर 2016 नंतर घोट्याच्या शस्त्रक्रियांमध्ये जंतुसंसर्ग झाला. टाचेवरच्या स्नायूबंधाचा काही सेंटिमीटर भाग नष्ट झाला, पाय कापायची वेळ आली होती. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान माना, असं डॉक्टरांनी सांगितलं. हातावरची त्वचा घोट्यावर लावली, त्यामुळे मुलीच्या नावाच्या टॅटूचा अर्धा भाग आज पायावर आहे!

तरीही 2018 मध्ये तो व्हियारेआलकडून परतला, 2019 मध्ये स्पेनकडूनही खेळला.

2023 मध्ये ओव्हिएदोत घरवापसी केली, तीही किमान वेतनावर. जून 2025 मध्ये प्लेऑफ फायनलमध्ये त्याने पेनल्टीवर गोल केला आणि 24 वर्षांनी ओव्हिएदो ला लीगात पोहोचला.