चार्ल्स आर्डेन-क्लार्क

सर चार्ल्स नोबल आर्डेन-क्लार्क (२५ जुलै १८९८ – १६ डिसेंबर १९६२) हे ब्रिटिश वसाहत प्रशासक होते. ते १९४९ ते १९५७ या काळात गोल्ड कोस्टचे अखेरचे गव्हर्नर आणि त्यानंतर काही महिने स्वतंत्र घानाचे पहिले गव्हर्नर-जनरल होते. पश्चिम आफ्रिकेतील या वसाहतीचे सत्तांतर मुख्यतः निवडणुकांच्या मार्गाने झाले. त्यात त्यांचा वाटा महत्त्वाचा मानला जातो.

प्रारंभीची कारकीर्द

पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा केल्यानंतर १९२० मध्ये ते नायजेरियाच्या प्रशासकीय सेवेत रुजू झाले. पुढे ते बेचुआनालँड (आजचे बोत्स्वाना) आणि बासुटोलँड (आजचे लेसोथो) येथे रेसिडेंट कमिशनर होते. ब्रूक घराण्याने सारावाकचे राज्य १९४६ मध्ये ब्रिटनच्या स्वाधीन केले, तेव्हा त्या प्रदेशाचे पहिले गव्हर्नर म्हणून त्यांची नियुक्ती झाली. या हस्तांतरणाला स्थानिक मलय समाजातील एका गटाचा तीव्र विरोध होता. आर्डेन-क्लार्क यांच्या जागी आलेले डंकन स्ट्युअर्ट यांच्यावर डिसेंबर १९४९ मध्ये सिबू येथे प्राणघातक हल्ला झाला व त्यात त्यांचा मृत्यू झाला.

गोल्ड कोस्ट

फेब्रुवारी १९४८ मध्ये आक्रा येथे माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार होऊन दंगली उसळल्या होत्या. या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९४९ मध्ये आर्डेन-क्लार्क यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी क्वामे एन्क्रुमा यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीची स्थापना करून तत्काळ स्वराज्याची मागणी केली होती. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या एन्क्रुमा यांनी जानेवारी १९५० मध्ये संप व बहिष्काराचे आंदोलन पुकारले. गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली. एन्क्रुमा यांना कारावासाची शिक्षा झाली.

नव्या राज्यघटनेनुसार ८ फेब्रुवारी १९५१ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. थेट निवडणुकीच्या व निर्वाचक मंडळांमार्फत भरावयाच्या ३८ जागांपैकी ३४ जागा एन्क्रुमा यांच्या पक्षाने जिंकल्या. तुरुंगात असलेले एन्क्रुमा स्वतः आक्रामधून प्रचंड मतांनी निवडून आले. गव्हर्नरांपुढे पेच उभा राहिला. विजयी नेत्यास तुरुंगात ठेवले तर राज्यघटना पहिल्याच पावलावर कोसळली असती. सोडले तर शासनाने दिलेली शिक्षा शासनानेच मागे घेतल्यासारखे झाले असते. आर्डेन-क्लार्क यांनी दुसरा मार्ग पत्करला. १२ फेब्रुवारी रोजी एन्क्रुमा यांची सुटका झाली आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरांनी त्यांना सरकार बनविण्याचे निमंत्रण दिले. मंत्रिमंडळाच्या अकरा सदस्यांपैकी आठ आफ्रिकी होते. अर्थ, न्याय व संरक्षण ही खाती मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच राहिली. मार्च १९५२ मध्ये एन्क्रुमा पंतप्रधान झाले आणि १९५४ मध्ये संपूर्ण आफ्रिकी मंत्रिमंडळ सत्तेवर आले.

आशांती प्रश्न

१९५४ मध्ये सरकारने कोकोचा खरेदीदर गोठविल्याने आशांती प्रदेशातील शेतकरी संतप्त झाले. त्यांचा रोष व पारंपरिक प्रमुखांची नाराजी यांतून नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट ही संघटना उभी राहिली. तिने संघराज्याची मागणी केली. कुमासी परिसरात हिंसाचार वाढला. ब्रिटिश वसाहतमंत्री ॲलन लेनॉक्स-बॉइड यांनी स्वातंत्र्यापूर्वी आणखी एक निवडणूक घेण्याची अट घातली. जुलै १९५६ च्या निवडणुकीत एन्क्रुमा यांच्या पक्षाला १०४ पैकी ७१ जागा मिळाल्या. त्यानंतर ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाला. गव्हर्नर-जनरलपदी आर्डेन-क्लार्क यांच्यानंतर लॉर्ड लिस्टोवेल आले. ते १९४७ मध्ये ब्रिटनचे अखेरचे भारतमंत्री होते.

मूल्यमापन

१९५१ मधील निर्णयामुळे गव्हर्नर व राष्ट्रवादी नेतृत्व यांच्यात विश्वासाचे नाते निर्माण झाले आणि रक्तरंजित संघर्ष टळला, असे त्यांच्या कारकिर्दीचे श्रेय सांगितले जाते. याची दुसरी बाजूही आहे. एकाच पक्षाशी झालेल्या या सहकार्यात आशांतीसारख्या प्रदेशांची स्वायत्ततेची आकांक्षा मागे पडली. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्येच घानात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला आणि त्याखाली अनेक विरोधकांना विनाचौकशी तुरुंगात टाकण्यात आले.