एक्झिम बँक (भारतीय निर्यात-आयात बँक)

भारताच्या विदेश व्यापाराला, विशेषतः निर्यातीला, अर्थपुरवठा करणारी केंद्र सरकारच्या पूर्ण मालकीची वित्तसंस्था. १९८१ च्या कायद्यान्वये स्थापना. कामकाजास १९८२ मध्ये प्रारंभ. मुख्यालय मुंबईत, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर संकुलात. निर्यातीच्या दीर्घ मुदतीच्या कर्जांचे काम त्याआधी आयडीबीआय पाहत असे. तिचा तो विभाग या बँकेकडे वर्ग झाला.

निर्यातदाराच्या मागे सरकारने उभे राहण्याची प्रथा बरीच जुनी आहे. पहिल्या महायुद्धाने विस्कटलेला व्यापार सावरण्यासाठी ब्रिटनने १९१९ मध्ये पतहमीचे खाते उघडले. अमेरिकेची एक्झिम बँक १९३४ ची. साखर कारखाना किंवा वीजकेंद्र विकत घेणारा गरीब देश रोख पैसे मोजत नाही, पंधरा-वीस वर्षांची उधारी मागतो. इतकी मुदत आणि इतकी जोखीम एकट्या व्यापारी बँकेला पेलत नाही. मग ज्याचे सरकार उधारीला तयार, त्यालाच कंत्राट मिळते.

या बँकेचे सर्वांत ठळक साधन म्हणजे भारत सरकारच्या वतीने परदेशी सरकारांना दिली जाणारी ‘लाइन ऑफ क्रेडिट’. नाव कर्जाचे असले तरी रोकड सहसा कर्जदार देशाच्या हाती पडत नाही. करार दोन बाजूंचा होतो, निविदा भारतीय कंपन्यांपुरत्या निघतात, आणि कंत्राटाच्या किमतीपैकी साधारणपणे किमान ७५ टक्के माल व सेवा भारतातून जाव्या लागतात. यंत्रे जहाजावर चढली की निर्यातदार कागदपत्रे सादर करतो आणि त्याचे पैसे त्याला भारतातच मिळतात. वसुलीची डोकेदुखी पुढे बँकेची. व्याजातील सवलतीचा भार केंद्र सरकार उचलते. परराष्ट्र खाते याला विकास-सहकार्य म्हणते. व्यवहार पाहता ही बव्हंशी उधारीवरची विक्रीच आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही.

इथिओपियाला साखर उद्योगासाठी ६४ कोटी डॉलरची लाइन २००७ मध्ये मिळाली; तेंदाहो, फिंचा व वोंजी येथील कारखाने तिच्यात होते. तेंदाहोचे काम मात्र फार रेंगाळले. बांगलादेशला २०१० मध्ये १०० कोटी डॉलर जाहीर झाले, त्यांपैकी २० कोटींचे पुढे अनुदान करण्यात आले. त्या पैशातून भारतीय बसगाड्या आणि रेल्वे इंजिने तिकडे गेली. उधारी अडकण्याचा धोकाही खराच आहे. श्रीलंकेने २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवली, तेव्हा या बँकेची कर्जेही पुनर्रचनेच्या वाटाघाटींत सापडली.

नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराचा या बँकेशी सहसा संबंध येत नाही. माल पाठवण्याआधीचे ‘पॅकिंग क्रेडिट’ त्याला नेहमीच्या बँकेतून मिळते, आणि विम्यासाठी तो ईसीजीसीकडे जातो. १९५७ मध्ये सुरू झालेली ही सरकारी कंपनीही मुंबईतलीच. परदेशी ग्राहकाचे दिवाळे, युद्ध, अचानक लादलेली आयातबंदी, डॉलर बाहेर पाठवण्यास मनाई, असे धोके तिच्या पॉलिसीत येतात. पण रॉटरडॅमच्या ग्राहकाने ‘माल खराब निघाला’ म्हणून पैसे अडवले, तर तो वाद ग्राहकाच्या देशातील न्यायालयात निर्यातदाराच्या बाजूने सुटेपर्यंत सर्वसाधारणपणे भरपाई मिळत नाही. नाशवंत मालाच्या धंद्यात नेमकी हीच तक्रार जास्त येते.