राजरस्ता, आडवाट आणि जीप

मुंबई-आग्रा रस्त्यानें नाशिक सोडून ईशान्येस सुमारें वीस किलोमीटर गेलें म्हणजे बाणगंगेच्या कांठचें ओझर लागतें. १९६४ सालीं येथें विमानांचा कारखाना निघाला आणि मिग जातीच्या लढाऊ विमानांमुळें या गांवाचें नांव देशभर झालें. परंतु गांवाच्या शिवारांत पाऊल टाकलें कीं दुसरेंच जग दिसतें. एका अंगास विमानांची गुळगुळीत धांवपट्टी व अखंड वाहणारा हमरस्ता. दुसऱ्या अंगास द्राक्षबागांकडे जाणारी, आषाढांत पायांतली वहाण ओढून घेणारी काळ्या मातीची गाडीवाट. येथील बागाईतदारास सकाळीं नाशकास जावें लागतें व दुपारीं त्याच गाडीवाटेनें बागेंत उतरावें लागतें. सुटीच्या दिवशीं मुलांमाणसांस घेऊन सातमाळ्याच्या डोंगरांकडे जाण्याची हौस असते ती वेगळीच. रोजच्या प्रवासास सुखाची आणि आडवाटेस खंबीर अशी एकच मोटार दारांत असावी, ही त्याची इच्छा अगदीं स्वाभाविक होय. ही इच्छा पुरविण्यासाठीं यंत्रकारांनीं आजवर काय केलें याचा इतिहास पाहिला, तर गाडी निवडतांना पैसा कोठें खर्चावा आणि हात कोठें आखडावा, हें पुष्कळसें उमगतें.

या वाहनाचा मूळपुरुष सुखासाठीं जन्मास आला नव्हता. दुसरें महायुद्ध पेटल्यावर, १९४० च्या जुलैंत अमेरिकेच्या सैन्यानें १३५ कारखानदारांकडे एका हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली. मुदत इतकी थोडी होती कीं बहुतेकांनीं तिच्या वाटेस जाण्याचेंच टाळलें. बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिला नमुना हजर केला. पुढें विलिस व फोर्ड या कंपन्या त्या कामांत उतरल्या, आणि युद्ध संपेपर्यंत त्या दोघींनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. साठ अश्वशक्तीचें एंजिन, पत्र्याचें उघडें अंग, वर कापडी छप्पर आणि दाराच्या जागीं मोकळी हवा, एवढाच विलिसच्या जीपचा संसार. तिचें खरें सामर्थ्य होतें तें खालीं दडलेल्या एका लोखंडी पेटींत.

साध्या मोटारींत एंजिनाचा जोर दोनच चाकांस मिळतो. तीं दोन चाकें चिखलांत जागच्या जागीं फिरूं लागलीं कीं उरलेलीं दोन केवळ ओझें होऊन बसतात. जीपमध्यें गियरपेटीच्या मागें आणखी एक पेटी बसविली होती. तिचा एक दांडा ओढला कीं पुढच्या चाकांसही जोर मिळे. दुसरा दांडा ओढला कीं वेग निम्म्यावर येऊन जोर जवळजवळ दुप्पट होई. या दुसऱ्या, सावकाश चालीच्या गियरचें महत्त्व फार मोठें आहे. ओझ्याची गाडी चढावर ओढतांना बैल धांवत नाहींत, पाय रोंवून चालतात. त्या गियरांत मोटारीची चाल तशीच होते. उतारावर तर सारा भार ब्रेकवर न टाकतां एंजिनच गाडीस धरून ठेवतें.

मात्र या सामर्थ्यास एक अट होती. वळण घेतांना पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत. चिखलांत चाक किंचित् घसरतें व हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें सहजासहजीं घसरत नाहीं. मग मधल्या दांड्यांस पीळ बसतो आणि यंत्राची झीज होते. म्हणून चांगल्या रस्त्यावर जीप दोनच चाकांच्या जोरावर चालवावी लागे. राजरस्ता व आडवाट यांचा झगडा अशा रीतीनें पहिल्या दिवसापासून या यंत्राच्या पोटांतच होता.

महाराष्ट्राशीं जीपचें नातें लवकरच जुळलें. १९४५ सालीं जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनीं मिळून एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानांत गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्यें कंपनीनें 'महिंद्रा अँड महिंद्रा' हें नांव घेतलें. तत्पूर्वींच, १९४७ पासून, तिनें विलिसच्या जीपा भारतांत आणण्यास आरंभ केला होता, आणि पुढें मुंबईंत माझगांव येथें त्यांची जुळवणी होऊं लागली. जेथें रस्ता संपे तेथें सरकारी कामास जीप जाई, आणि तिच्यांत बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होत. पण त्या काळीं पोंचणें हेंच सुख होतें.

याच सुमारास इंग्लंडमध्यें रोव्हर कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं लँड रोव्हर काढली व १९४८ च्या एप्रिलांत ती ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली. युद्धोत्तर काळांत पोलादाची टंचाई होती म्हणून तिचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें होतें. तीही कामाचीच गाडी. सुखाचा विचार पुढें आला. अमेरिकेंत १९६३ च्या जीप वॅगनियरमध्यें बंदिस्त, ऐसपैस बैठक व ऑटोमॅटिक गियरची सोय झाली. परंतु पूर्वोक्त झगडा मिटविण्याचा मोठा यत्न झाला तो १९७० च्या जूनमध्यें निघालेल्या रेंज रोव्हर गाडींत. तिच्यांत पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यें एक डिफरन्शियल घातलें होतें. त्यामुळें चारी चाकांस सदैव जोर मिळूनही डांबरी रस्त्यावर पीळ बसत नसे. आणि चिखलांत तें डिफरन्शियल कुलूपबंद करतां येई. पाट्यांच्या कमानीऐवजीं लांब झोंक्याच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि चारी चाकांस डिस्क ब्रेक हेही तिचे विशेष.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आज ऐश्वर्याचें चिन्ह मानली जाणारी ही गाडी प्रथम निघाली तेव्हां तिचा आंतील भाग नळीच्या पाण्यानें धुतां यावा असा साधा होता. चार दारें तिला १९८१ मध्यें मिळालीं, ऑटोमॅटिक गियर त्यानंतर, आणि कातडी व लाकडी नटवेगिरी हळूहळू चढली. २००२ च्या नव्या घडणींत तर खालची स्वतंत्र चौकटही गेली. म्हणजे आडवाटेची पात्रता आणि बैठकीचा थाट या दोन वस्तु निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या कारणांनीं आल्या. दुकानांत त्या एकाच किमतींत बांधून मिळतात, म्हणून एकीवरून दुसरीचें अनुमान करणें हा आजच्या गिऱ्हाइकाचा मोठा भ्रम होय.

हा इतिहास आतां ओझरच्या दाराशीं येऊन ठेपला आहे. महिंद्रांचा कारखाना नाशिकजवळ सातपूर येथें आला; तेथून २००२ सालीं स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि २०२० सालीं नवी थार. पुणें जिल्ह्यांत रांजणगांवीं २०१७ पासून जीप कंपास बनूं लागली, २०२१ पासून रँगलरची जुळवणी होऊं लागली, आणि २०२४ सालीं खुद्द रेंज रोव्हरची जुळवणी पुण्यास होणार असें जाहीर झालें. निवड अशी वाढली तसा गोंधळही वाढला. २०२३ पासून थार गाडी केवळ मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारीही मिळूं लागली. रूप तेंच, नांव तेंच. पण खालची ती पेटी नाहीं. रस्त्यावरच वापरणाऱ्याचे पैसे तींत वाचतात, हें खरें. पण रूप पाहून ती घेणारा बागाईतदार पहिल्याच पावसांत ट्रॅक्टरवाल्याचें दार ठोठावील.

म्हणून गाडी घेण्यापूर्वीं प्रथम आपल्या वाटांचा हिशेब करावा. वर्षांतून किती दिवस खरोखर चिखलाची वाट तुडवावयाची आहे? डोंगरांत जावयाचें तें बांधलेल्या घाटानें कीं दगडगोट्यांतून? वर्षांतून चार वेळां बरी कच्ची वाट लागत असेल, तर स्वयंचलित रीतीनें चारी चाकांस जोर देणारी रस्त्याची मोटार पुरेशी होते. खडा चढ व ओढे नेहमींचे असतील, तर सावकाश चालीचा गियर आहे कीं नाहीं हा पहिला प्रश्न विचारावा. तो नसेल तर कितीही मऊ बैठक त्याची उणीव भरून काढणार नाहीं.

दुसरा प्रश्न पायांचा. किमती गाड्यांस शोभेसाठीं मोठ्या धातूच्या चकत्या व त्यांवर रबराची पातळ कड असते. हमरस्त्यावर ती डौलदार दिसते. धारदार दगडावर तीच आधीं फुटते. रस्त्याच्या टायरची बारीक नक्षी काळ्या मातीनें क्षणांत भरून जाते, आणि मग चारी चाकें एकाच वेळीं घसरूं लागतात. लहान चकती, उंच कड व रुंद खांचा असलेला टायर चिखलांत तारतो. त्याबद्दल हमरस्त्यावर थोडी घरघर सोसावी लागते. पोट जमिनीपासून किती उंच आहे आणि गाडीचें नाक व शेपूट बांधावर टेंकतें कीं काय, हेंही स्वतः वांकून पाहावें.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. चारी चाकांचा जोर गाडी पुढें नेण्यास उपयोगीं पडतो, थांबविण्यास नव्हे. ओल्या घाटांत थांबण्याचें अंतर टायर, ब्रेक, वेग व वजन यांवर अवलंबून असतें. उंच गाडी वळणावर अधिक कलते, आणि जड गाडी उशिरां थांबते. सामर्थ्याच्या विश्वासावर वेग वाढविणारा मनुष्य ज्या गुणासाठीं पैसे मोजतो, त्याच गुणामुळें संकटांत पडतो.

सुख वर्ज्य करावें असा याचा अर्थ नव्हे. दिवसाकांठीं पन्नास किलोमीटर हमरस्ता कापणाऱ्यास पाठीस आधार देणारी बैठक व शांत एंजिन ही चैन नसून गरज आहे, आणि तीसाठीं खर्च करण्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्या खर्चाआधीं पेटी, पोट आणि पाय यांची परीक्षा झालेली असावी. विक्रेता हमरस्त्यावर फेरी मारून आणील. गिऱ्हाइकानें त्यास नम्रपणें आपल्या बागेच्या वाटेवर, शक्य तर पाऊस पडून गेल्यावर, नेण्यास सांगावें. तेथें जी गाडी न कुरकुरतां जाऊन येईल, आणि परततांना घरच्या वृद्ध माणसास जिच्यांत अवघडल्यासारखें वाटणार नाहीं, ती त्या घरास योग्य समजावी.